तुंबतो तोच फिल्टर

फ्युएल फिल्टरचं काम तुंबणं हेच आहे. पेट्रोलमधली घाण कुठेतरी अडायलाच हवी. ती फिल्टरमध्ये अडली नाही तर इंजेक्टरमध्ये अडेल, आणि इंजेक्टरचा एक संच फिल्टरच्या कितीतरी पट महाग असतो. एवढी साधी गोष्ट ट्यून केलेल्या गाड्यांच्या दुनियेत कुणाला ऐकून घ्यायची नसते. तिथे फिल्टर विकला जातो तो ‘फ्री-फ्लो’ म्हणून, ‘लाइफटाइम’ म्हणून, ‘वॉशेबल’ म्हणून. थोडक्यात, जो अडवत नाही, जो बदलावा लागत नाही आणि जो धुऊन परत लावता येतो, तो म्हणे उत्तम. माझ्या लेखी असा फिल्टर हा नळीचा रंगवलेला तुकडा आहे. त्याला हजारो रुपये मोजून वर फोटो काढून मिरवणाऱ्याची मला कीव येते आणि तो विकणाऱ्याचा राग येतो.

हौसेला माझा विरोध नाही. मीही गाडी रिमॅप करून घेतलेला माणूस आहे. टर्बो भरला की पाठ सीटला चिकटते, ते सुख काय असतं हे मला समजावून सांगायची गरज नाही. पण रविवारी सकाळी एखाद्या ट्यूनिंग गॅरेजात तासभर उभं राहिलं की डोकं फिरतं. पोलो जीटी आहे, ऑक्टाव्हिया आहे, कुणाची जपून ठेवलेली जुनी सिटी व्हीटेक आहे. मोठा इंटरकूलर, डाउनपाइप, स्टेज टू, आणि एक्झॉस्टचा आवाज असा की शेजारच्या सोसायटीतले आजोबा खिडक्या लावून घेतात. लाख-दोन लाख हां हां म्हणता उडालेले. आणि या सगळ्या तामझामाला पेट्रोल पाजणारा फिल्टर? तो निवडलेला असतो रंगावरून. बॉनेट उघडलं की तो दिसला पाहिजे, निळी-लाल फिटिंग्ज चमकली पाहिजेत आणि खोक्यावर ‘१००० एचपी’ असं ठसठशीत छापलेलं पाहिजे. मायक्रॉन किती, असं विचारलं तर मालक ट्यूनरकडे बघतो, ट्यूनर पोऱ्याकडे बघतो आणि पोरगा म्हणतो, “काका, इम्पोर्टेड आहे.”

या ‘१००० एचपी’चाच आधी निकाल लावू. फिल्टरला घोडे मोजता येत नाहीत. त्याला एवढंच कळतं की आपल्यातून तासाला किती लिटर जातंय आणि ते जाताना दाब किती पडतोय. हिशेब काही अवघड नाही. ३०० एचपीचं टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण पाय दाबल्यावर तासाला साधारण ८० किलो, म्हणजे सुमारे ११० लिटर पेट्रोल पितं. पण अशा गाडीत पंप बसवलेला असतो २५५ लिटरचा किंवा त्याहून मोठा. रिटर्न लाइन असलेल्या गाडीत हा पंप जेवढं ओढतो तेवढं सगळं फिल्टरमधून जातं. इंजिन त्यातलं हवं तेवढं घेतं आणि उरलेलं टाकीत परत जातं. तुम्ही सिग्नलला उभे असलात तरी फिल्टरमधून तो लोंढा वाहतच असतो. तेव्हा फिल्टर मापायचा तो पंपाच्या मापाने, घोड्यांच्या मापाने नव्हे. आणि खोक्यावर हवं ते हे: तासाला इतके लिटर, इतक्या दाबाला, आणि त्या वेळी फिल्टरमध्ये पडणारा दाब इतका. ही ओळ ज्या खोक्यावर नाही, त्यावरचे हजार घोडे कागदीच आहेत.

आता मायक्रॉन. खरी टोपी इथे घातली जाते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. पंपाच्या आधी, म्हणजे टाकी आणि पंप यांच्यामध्ये, १०० मायक्रॉनची स्टीलची जाळी लावतात. ती फक्त पंपाच्या राखणीला असते. मोठा खडा, गंजाचा पोपडा, सीलंटचा गोळा आत जाऊ नये एवढंच तिचं काम. पंपाच्या पुढे, इंजेक्टरच्या आधी, लागतो १० मायक्रॉनच्या आसपासचा बारीक फिल्टर. हे दोन वेगवेगळे फिल्टर आहेत, त्यांच्या जागा वेगळ्या आहेत, आणि एकाने दुसऱ्याचं काम करायचं नसतं. बारीक फिल्टर पंपाच्या आधी लावलात तर ओढताना पेट्रोलचा दाब इतका खाली येतो की उन्हाळ्यात त्याची वाफ व्हायला लागते. पंप कोरडा पडतो, रडतो आणि जळतो. आणि १०० मायक्रॉनची जाळी पंपाच्या पुढे लावलीत तर तिच्यातून तुमच्या डोक्यावरचा केससुद्धा आरामात निघून जाईल. तरीही ‘हाय परफॉर्मन्स’ म्हणून बाजारात सर्रास खपतो तो हाच माल: चकचकीत नळकांडं आणि आत ४० किंवा १०० मायक्रॉनची जाळी. कारण सरळ आहे. भोकं मोठी ठेवली की प्रवाह आपोआप ‘फ्री’ होतो.

बरं, ‘१० मायक्रॉन’ एवढं लिहिलेलं असलं म्हणजे भागलं असंही नाही. दहा मायक्रॉनचे कण अडतात, पण किती? शंभरातले पन्नास की शंभरातले नव्व्याण्णव? ‘नॉमिनल’ म्हणून जो आकडा छापतात त्याला सगळ्यांना बांधील अशी एकच व्याख्या नाही. बनवणारा सांगेल ती पूर्वदिशा. ज्याला खरं सांगायचं असतं तो बीटा गुणोत्तर देतो. फिल्टरच्या आधी त्या मापाचे कण किती आणि नंतर किती, याचा तो भागाकार. बीटा २ म्हणजे निम्मे कण पसार. बीटा ७५ म्हणजे ९८.७ टक्के अडले. बीटा २०० म्हणजे ९९.५ टक्के. तिन्ही खोक्यांवर छापलेलं असतं ‘१० मायक्रॉन’ आणि आतल्या मालात जमीन-अस्मानाचा फरक. पेट्रोल आणि डिझेल फिल्टरच्या अशा चाचणीसाठी आयएसओ १९४३८ हे मानक आहे, ते काही गुपित नाही. विकणाऱ्याला एकदा त्याच्याबद्दल विचारून पाहा. पुढची पाच मिनिटं त्याचा मोबाइल फार महत्त्वाचा होतो.

‘मग बारीक फिल्टरने प्रवाह अडत नाही का?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचं उत्तर भोकाच्या मापात नाही, क्षेत्रफळात आहे. चांगल्या फिल्टरच्या पोटात कागद किंवा काचतंतूंचं कापड घड्या घालून भरलेलं असतं. घड्या जितक्या जास्त, तितकी गाळायची जागा जास्त. म्हणून भोकं बारीक असूनही दाब पडत नाही, आणि भरपूर घाण पोटात घेऊनही फिल्टर चालत राहतो. हे खोटं वाटत असेल तर वापरून काढलेला फिल्टर कापून बघा. पेट्रोल पूर्ण निथळू द्या, वाळू द्या, आसपास ठिणगी नको, आणि करवत तर मुळीच नको. करवतीचा कीस आत पडतो आणि मग तो कीस कुणाचा, पंपाचा की तुमचा, यावर वाद घालत बसावं लागतं. पाइप कटरने कडेकडेने डबा उघडा आणि आतला कागद वर्तमानपत्रावर पसरा. कंपनीच्या फिल्टरमधून निघणारी पट्टी लांबत जाते, लांबत जाते. घड्या समान अंतरावर, दोन्ही टोकं डिंकात नीट बसवलेली. डुप्लिकेट फिल्टर त्याच डब्यात, त्याच लेबलखाली, पण आत घड्या मोजक्या, एकमेकींना चिकटलेल्या, आणि टोकाशी डिंक सुटून फट पडलेली. त्या फटीतून पेट्रोल न गाळता थेट पुढे जातं. असा फिल्टर कधीच तुंबत नाही, आणि मालक वर म्हणतो, “काय क्वालिटी आहे!”

त्या पसरलेल्या कागदावर गाडीची कुंडली लिहिलेली असते. तांबूस भुकटी दिसली तर गंज आहे. तुमच्या टाकीचा किंवा पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीचा. चमकणारे बारीक कण दिसले तर पंप स्वतःलाच खातोय, त्याचे दिवस भरलेत. काळे, बोटाला चिकटणारे तुकडे म्हणजे रबर; कुणीतरी टाकीच्या आत साधी होज वापरलीय. टाकीत बुडून राहणाऱ्या होजसाठी एसएई जे३० आर१० हा वेगळा दर्जा आहे, बाहेरच्या इंजेक्शन लाइनसाठी आर९. पण मिस्त्रीकडे मीटरवर मिळणारी काळी नळी असते आणि “शेठ, पेट्रोलचीच आहे” हे आश्वासन असतं. बाहेरून धडधाकट दिसणारी ती नळी आतून विरघळत राहते. जो फिल्टर तुंबला नाही, त्याने यातलं काहीच तुम्हाला सांगितलं नसतं.

‘वॉशेबल’वाल्यांचं तर वेगळंच. स्टीलची जाळी पंपाच्या आधी असेल तर ती धुवा, माझी हरकत नाही. पण बारीक फिल्टर थिनरमध्ये बुचकळून एअरगनने फुंकायचा आणि परत लावायचा, हे म्हणजे नळाला बांधलेलं फडकं उलटं करून पुन्हा बांधणं. बाहेरच्या बाजूची घाण हवेच्या झोताने आतल्या, स्वच्छ बाजूला जाते आणि गाडी सुरू झाली की पहिल्याच सेकंदाला इंजेक्टरच्या तोंडी. फिल्टरवर बाण असतो, तो कुठल्या बाजूला हवा हेसुद्धा धुण्याच्या भरात अनेकांना आठवत नाही.

आता इथेनॉल. २० टक्के मिश्रणाचं २०३० चं उद्दिष्ट २०२५ वर ओढलं गेलं आणि आज देशभरातल्या पंपांवर ई-२० वाहतंय. त्यातलं बरंच इथेनॉल आपल्याच उसातून येतं, त्यामुळे महाराष्ट्रात यावर बोलणं म्हणजे अर्धं राजकारण. मी ते करणार नाही. ऊस लावणाऱ्याने तुमच्या गाडीत काही कालवलेलं नाही. पण इथेनॉलचे गुण माहीत नसताना फिल्टर निवडणं हा मात्र गाढवपणा आहे. एक, इथेनॉल चांगलं द्रावक आहे. जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला थर ते सोडवतं आणि सुरुवातीला फिल्टर भराभर भरतात. दोन, साध्या सेल्युलोज कागदाला ते आणि त्याच्यासोबत येणारं पाणी मानवत नाही; कागद फुगतो, भोकं आवळतात. ई-२० साठीच बनवलेल्या गाडीतला कंपनीचा फिल्टर रेझिन लावून तयार केलेला असतो, त्याची चिंता नको. पण बाहेरून आणलेला कागदी फिल्टर घेताना ‘इथेनॉलला चालतो’ हे छापील हवं. नसेल तर काचतंतूंचा, मायक्रोग्लासचा घ्या. तीन, इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून तेवढ्याच ताकदीसाठी जास्त लिटर लागतात. जुन्या, ई-१० पर्यंतच कॅलिब्रेट केलेल्या मोटारींचं अ‍ॅव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्के पडेल, हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. अ‍ॅव्हरेज पडतं म्हणजे फिल्टरमधून जाणारं पेट्रोल वाढतं, एवढं तरी डोक्यात शिरावं.

पण होतं काय? नव्या पेट्रोलने सुटलेली घाण फिल्टरने इमानदारीने अडवली, तो भरला, गाडी झटके द्यायला लागली. निदान झालं: फिल्टर चोक. उपाय झाला: मोठ्या भोकाचा ‘फ्री-फ्लो’ लावा. चोर सोडून संन्याशाला फाशी याहून वेगळी काय असते?

फिल्टर सगळं करू शकतो असंही कुणी समजू नये. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशात रतलामला मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या एकाच पंपावर डिझेल भरून थोड्याच वेळात बंद पडल्या. डिझेलमध्ये पाणी निघालं. डिझेल गाडीच्या फिल्टरला पाणी वेगळं करायची सोय असते, तरी ही गत. पेट्रोलच्या साध्या फिल्टरमध्ये तीही नसते. इथेनॉल काही प्रमाणात पाणी सामावून घेतं, आणि मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतं, नेमकं जिथून पंप ओढतो तिथे. म्हणून पावसाळाभर अर्ध्या टाकीवर झाकून ठेवलेली ‘वीकेंड कार’ दसऱ्याला पूजेपुरतीही सुरू होत नाही. पेट्रोल पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागायचा ग्राहकाला हक्क आहे. कागदावर थेंब टाका, शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जातं. या चाचणीत बारीक धूळ कळत नाही, भेसळ कळते. पण एक्झॉस्टवर पन्नास हजार उधळणारा तिथे कागद मागायला लाजतो.

आता थोडं गाडी बनवणाऱ्यांकडे वळू, नाहीतर सगळा दोष गॅरेजवाल्यांच्या माथी मारल्यासारखं होईल. आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत बारीक फिल्टर टाकीतच, पंपासोबत एकाच मॉड्यूलमध्ये कोंडलेला असतो. सर्व्हिसच्या यादीत त्याचं नावच नसतं; तो म्हणे आयुष्यभराचा. कुणाच्या आयुष्यभराचा, हे कोणी सांगत नाही. वॉरंटी संपेपर्यंत टिकला की कंपनीच्या दृष्टीने आयुष्य संपलं. साध्या गाडीत ते खपून जातं. पण तुम्ही त्याच मॉड्यूलमध्ये मोठा पंप कोंबता आणि जुना, लाखभर किलोमीटर पिऊन बसलेला फिल्टर तसाच ठेवता, तेव्हा दोष कंपनीचा राहत नाही. फोक्सवॅगन समूहाच्या काही गाड्यांत फिल्टर बाहेर, गाडीखाली असतो आणि त्यातच प्रेशर रेग्युलेटर बसवलेला असतो. तिथे दिसायला तसाच, पण वेगळ्या बारचा फिल्टर लागला की अख्ख्या लाइनचा दाब बदलतो. पार्ट नंबर न बघता “सेम टू सेम आहे” म्हणून फिल्टर देणारा दुकानदार मला भेटलेला आहे. ट्यूनरने लॅपटॉपवर रात्र काढून जो नकाशा रचला, तो या एका नगाने केराच्या टोपलीत.

आणि गाडीला आग लावायची तयारी चाललेली तर मी डोळ्यांनी बघितलीय: इंजिनजवळ, गरम टर्बोपासून वीतभर अंतरावर, पारदर्शक काचेचा फिल्टर. का? तर पेट्रोल वाहताना दिसतं, छान दिसतं. तो फिल्टर कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा, नाममात्र दाबाचा. इंजेक्शनच्या लाइनला तीन बार दाब, त्यात टर्बोचा बूस्ट सव्वा बार असला तर रेग्युलेटर तेवढा वाढवतो, म्हणजे सव्वाचार. काच तडकली किंवा साध्या पट्टीच्या क्लिपने होज कापली, की पेट्रोलचा फवारा थेट लालबुंद लोखंडावर. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत तर पुढे २०० बार आणि काही नव्या इंजिनांत ३५० बारचा पंप असतो. त्याच्या आतल्या फटी अशा की दहा मायक्रॉनचा कणसुद्धा तिथे ओरखडा काढतो. आणि आपण वाद घालतो फिटिंग निळं की लाल यावर.

‘आमची गाडी इतकी वर्षं चालतेय, काही झालं नाही’ हे ठरलेलं उत्तर. नाहीच कळणार. भरत आलेला फिल्टर सिग्नलला, गावात, सत्तरच्या वेगात काही बोलत नाही. तो बोलतो एक्स्प्रेस-वेवर, तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण पाय दाबलेला असताना. तिथे इंजिनला लागतं तेवढं पेट्रोल पोचत नाही, मिश्रण पातळ होतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनवरच्या रिंगांमधली कड तुटते. ईसीयू शहाणा असेल तर आधीच ताकद कापून गाडी वाचवतो. पण कित्येकांनी तो शहाणपणाही ट्यूनिंगमध्ये काढून टाकलेला असतो. मग ट्यूनर म्हणतो पेट्रोल खराब, पंपवाला म्हणतो ट्यूनिंग खराब, आणि इंजिन उतरवायचं बिल मालकाच्या नावाने फाटतं. उलट करायचं काय, तर फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन फ्युएल प्रेशर गेज लावून पूर्ण लोडवर बघायचं. दोन्हींतला फरक वाढत चालला की फिल्टर बदलायचा, मग किलोमीटर कितीही झालेले असोत. पहिल्या दिवसापासूनच फरक मोठा असेल तर फिल्टर लहान पडतोय. मोठ्या क्षेत्रफळाचा घ्या, मोठ्या भोकांचा नव्हे. यात विद्वत्ता लागत नाही, फक्त मिरवण्यापलीकडे बघायची इच्छा लागते.

म्हणून दुकानात गेलात की प्रश्न मोजकेच विचारा. किती मायक्रॉन आणि किती टक्के? किती लिटरला दाब किती पडतो? आतला माल कशाचा, इथेनॉलला चालतो का? किती बारपर्यंत? आणि बदलायचा कधी? शेवटच्या प्रश्नावर जो हसून “साहेब, बदलायचाच नाही, हीच तर खासियत आहे” असं म्हणेल, त्याच्या दुकानातून स्टिकर घ्या, कीचेन घ्या, हवा तर चहाही घ्या. फिल्टर घेऊ नका.